खर्चाची मर्यादा आणि पैशाची वाट : नगर जिल्ह्यातील निवडणुकांचा एक इतिहास

भारतीय निवडणूक कायद्याने उमेदवाराच्या खर्चाला प्रारंभापासून मर्यादा घातली; परंतु त्याच उमेदवारासाठी त्याच्या पक्षाने, एखाद्या संस्थेने किंवा एखाद्या धनवंताने केलेला खर्च त्या मर्यादेत कसा बसवायचा, हा प्रश्न संसदेने सत्तर वर्षांत समाधानकारकपणे सोडवलेला नाही. या प्रश्नाचा इतिहास बहुधा दिल्लीतील कायद्यांच्या अंगाने सांगितला जातो. तथापि त्याचा एक महत्त्वाचा अध्याय अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात घडला. १९९१ च्या लोकसभा निवडणुकीतून उद्भवलेल्या येथील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खर्चमर्यादेच्या कायद्यातील पोकळी अत्यंत कठोर शब्दांत दाखवून दिली. आणि त्याच सुमारास, याच जिल्ह्याच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजार या अवर्षणग्रस्त गावाने सार्वजनिक साधनसंपत्तीविषयीचे निर्णय ग्रामसभेत, सर्वांच्या देखत घेण्याचा प्रयोग सुरू केला. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नव्हता. परंतु त्या एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते : रकमेची मर्यादा कागदावर लिहिल्याने पैशाचा प्रभाव आटोक्यात येत नाही, पैसा कोणी दिला, कोणाला दिला आणि त्यानंतर कोणते निर्णय झाले, हे मतदाराला दिसू लागते तेव्हा तो आटोक्यात येण्याची शक्यता निर्माण होते.

कायद्याचा पाया आणि मुंबईतील इशारा

उमेदवाराच्या खर्चावर मर्यादा घालण्याची कल्पना ब्रिटिश कायद्यातून आली. ब्रिटनमध्ये १८८३ साली निवडणुकांतील भ्रष्ट आणि बेकायदा प्रकार रोखण्यासाठी जो कायदा झाला, त्याने मतदारसंघनिहाय खर्चाचे कमाल प्रमाण ठरवले आणि हिशेब सादर करणे बंधनकारक केले. त्या काळात प्रचार मुख्यतः उमेदवार स्वतः करीत असल्याने ही रचना पुरेशी होती. भारतात लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ हा कायदा करताना हीच चौकट स्वीकारण्यात आली आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेच्या एकसदस्यीय मतदारसंघासाठी बहुतेक राज्यांत २५ हजार रुपयांची मर्यादा ठरली. मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रचाराचा भार पक्षसंघटनांकडे गेला होता, आणि पक्षाच्या खर्चावर या कायद्याने कोणतेही बंधन घातले नाही.

पक्षाला पैसा कोठून मिळतो, हा प्रश्न लवकरच मुंबईच्या न्यायालयात आला. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रकात, म्हणजे कंपनीची उद्दिष्टे नमूद करणाऱ्या मूळ दस्तऐवजात, दुरुस्ती करण्याचे ठरवले आणि एका भागधारकाने तिला आव्हान दिले. १९५७ साली हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांच्या खंडपीठापुढे आले. त्या वेळच्या कायद्यात अशा देणगीला मनाई नसल्यामुळे न्यायालयाला दुरुस्ती नाकारता आली नाही. परंतु निकालपत्रात छागला यांनी स्पष्टपणे बजावले की, मोठ्या उद्योगांच्या पैशाने पक्ष चालू लागले तर हा धोका झपाट्याने वाढेल आणि अखेरीस देशातील लोकशाहीचा गळा घोटू शकेल, म्हणून संसदेने वेळीच लक्ष घालावे.

संसदेने १९६० साली कंपनी कायद्यात दुरुस्ती करून देणगीवर मर्यादा घातली : २५ हजार रुपये किंवा मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ५ टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र पक्षाला उद्योगसमूहांकडून मदत मिळू लागली, खुद्द जे. आर. डी. टाटा यांनी १९६१ मध्ये पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून, काँग्रेसबरोबर स्वतंत्र पक्षालाही देणगी देण्याचा आपला निर्णय आधीच कळवला होता. देणगीदार आणि देणगी दोन्ही उघड असण्याचा हा काळ फार टिकला नाही. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसला मोठे धक्के बसल्यानंतर १९६९ साली कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर सरसकट बंदी आली. पक्षांना सरकारी तिजोरीतून निवडणूक खर्च देण्याची कोणतीही पर्यायी व्यवस्था मात्र करण्यात आली नाही. त्यामुळे पैशाची गरज तशीच राहिली आणि तो हिशेबाबाहेरच्या मार्गाने येऊ लागला.

१९७४ ची पळवाट

खर्चाच्या बाजूने न्यायालयाने एकदा ही फट बुजवण्याचा प्रयत्न केला होता. कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर १९७४ रोजी असा निर्णय दिला की, पक्षाने एखाद्या विशिष्ट उमेदवाराच्या प्रचारासाठी केलेला आणि उमेदवाराने मूकसंमतीने स्वीकारलेला खर्च उमेदवाराच्याच हिशेबात धरला पाहिजे. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या या निकालामागील तर्क सरळ होता : ज्याच्या पाठीशी पैसा आहे त्याला निवडणुकीत अवाजवी लाभ मिळू नये हा मर्यादेचा उद्देश असेल, तर पैसा कोणाच्या हातून खर्च झाला याने फरक पडता कामा नये.

या निकालामुळे अनेक लोकप्रतिनिधींच्या निवडणुका धोक्यात येऊ शकल्या असत्या. म्हणून त्याच महिन्यात केंद्र सरकारने अध्यादेश काढला आणि पुढे कायदा करून लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम ७७ ला एक स्पष्टीकरण जोडले. पक्षाने, अन्य संघटनेने किंवा उमेदवार व त्याचा प्रतिनिधी सोडून इतर कोणत्याही व्यक्तीने केलेला खर्च उमेदवाराचा समजला जाणार नाही, असे त्यात म्हटले होते. मर्यादा कायम राहिली, परंतु ती ओलांडण्याचा राजमार्ग त्याच कलमात लिहिला गेला.

साखर, सहकार आणि सत्ता

नगर जिल्ह्यातील राजकारणात पैसा कसा उभा राहिला, हे समजून घेण्यासाठी येथील सहकारी साखर कारखानदारी पाहावी लागते. विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने लोणी परिसरात उभारलेल्या आणि १९५० साली गळीत सुरू केलेल्या प्रवरेच्या कारखान्याने लहान शेतकऱ्याला सावकार आणि खासगी कारखानदार यांच्या जोखडातून बाहेर काढले, शाळा, रुग्णालये, रस्ते उभे केले आणि ग्रामीण महाराष्ट्राला स्वतःचे नेतृत्व दिले. हे श्रेय निर्विवाद आहे. परंतु त्याच रचनेमुळे कारखान्याचा अध्यक्ष हजारो सभासदांच्या उसाचा, तोडणीच्या क्रमाचा, नोकऱ्यांचा आणि कर्जाचा नियंता बनला. समाजशास्त्रज्ञ बी. एस. बाविस्कर यांनी याच जिल्ह्यातील कोपरगावच्या कारखान्याचा तपशीलवार अभ्यास करून कारखान्याची निवडणूक आणि विधिमंडळाचे राजकारण एकमेकांत कसे गुंतले आहे ते दाखवून दिले. अर्थशास्त्रज्ञ संदीप सुखटणकर यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या महाराष्ट्रातील कारखान्यांच्या अभ्यासात तर असे आढळले की, राजकीय नेत्यांच्या नियंत्रणाखालील कारखान्यांत निवडणुकीच्या वर्षी शेतकऱ्याला मिळणारा उसाचा भाव कमी होतो. त्यामागे प्रचारासाठी कारखान्याचा पैसा वळवला जात असावा, असे त्यांचे विश्लेषण आहे. कंपन्यांच्या देणग्यांवरील बंदी या कारखान्यांना लागू होण्याचा प्रश्न नव्हता, कारण ते कंपनी कायद्याखाली नव्हे, सहकार कायद्याखाली नोंदलेले होते.

या व्यवहाराचे एक टोक १९८१ मध्ये राज्याच्या राजधानीत उघड झाले. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी स्थापन केलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान या विश्वस्त संस्थेला बांधकाम व्यावसायिक आणि सहकारी साखर कारखाने यांच्याकडून मिळालेल्या देणग्यांची बातमी पत्रकार अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये ३१ ऑगस्ट १९८१ रोजी प्रसिद्ध केली. त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. सिमेंटचे वाटप आणि प्रतिष्ठानला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बी. लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये काढला आणि अंतुले यांना पद सोडावे लागले. हा खटला निवडणुकीचा नसला तरी परवाना, देणगी आणि सत्ता यांची साखळी त्यातून प्रथमच सामान्य मराठी वाचकाच्या नजरेस आली. १९८५ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांना नफ्याच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत पुन्हा परवानगी मिळाली.

१९९१ ची निवडणूक आणि १९९३ चा निकाल

या पार्श्वभूमीवर जून १९९१ मध्ये अहमदनगर मतदारसंघात लोकसभेची लढत झाली. काँग्रेसचे उमेदवार यशवंतराव गडाख हे नेवासे तालुक्यातील सोनई येथील मुळा कारखान्याच्या उभारणीतून पुढे आलेले नेते होते. त्यांच्याविरुद्ध विठ्ठलरावांचे पुत्र, कोपरगाव मतदारसंघाचे दीर्घकाळ खासदार राहिलेले आणि त्या वेळी पक्षाची उमेदवारी न मिळालेले बाळासाहेब विखे पाटील उभे होते. दोन्ही उमेदवार साखर कारखानदारीच्या जगातून आलेले असल्याने प्रचारात पैशाचा विषय येणे स्वाभाविक होते. विखे पाटील यांनी निवडणूक जिंकण्यासाठी प्रचंड रक्कम बाजूला काढली असून तिच्यातून पाठिंबा आणि मते विकत घेतली जात आहेत, असे आरोप प्रचारसभांतून झाले.

गडाख विजयी झाले आणि विखे पाटील यांनी निवडणूक याचिका दाखल केली. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२३(४) नुसार, उमेदवाराच्या चारित्र्याविषयी किंवा वर्तनाविषयी खोटे असल्याचे माहीत असलेले अथवा खरे न वाटणारे विधान त्याचे नुकसान होईल अशा रीतीने प्रसिद्ध करणे हा ‘भ्रष्ट आचार’ ठरतो, म्हणजे ज्यामुळे निवडणूक रद्द होऊ शकते असा गैरप्रकार. मार्च १९९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गडाख यांची निवड रद्द केली, विखे पाटील यांना निवडून आल्याचे घोषित केले आणि प्रचारात बोललेले शरद पवार यांच्यावरही ठपका ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने १९ नोव्हेंबर १९९३ रोजी निवड रद्द ठेवली, परंतु विखे पाटील यांना विजयी ठरवणारा भाग बाजूला केला आणि पवार यांच्यावरील ठपकाही पुसला. १९९४ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि मारुतराव शेळके निवडून आले.

या निकालाचे ऐतिहासिक महत्त्व त्याच्या फलितापेक्षा न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांनी खर्चमर्यादेविषयी जे लिहिले त्यात आहे. न्यायालयापुढचा वाद पैशाच्या खोट्या आरोपाचा होता; परंतु तो ऐकताना खऱ्या पैशाला कायदा हातही लावू शकत नाही, हे न्यायालयाच्या लक्षात आले. उमेदवाराने स्वतः केलेला किंवा मान्य केलेला खर्चच मोजला जातो आणि पक्षाने अथवा इतरांनी केलेला खर्च सुरक्षितपणे बाहेर राहतो, त्यामुळे ही मर्यादा निव्वळ डोळ्यांत धूळ फेकणारी आहे, असे न्यायालयाने म्हटले. ही उणीव संसदेने दूर करावी, अन्यथा ती सर्वांच्या सोयीसाठी मुद्दाम ठेवली आहे असा समज दृढ होईल. आणि दूर करणे शक्य नसेल तर निवडणुकीतील पैशाची सत्ता उघडपणे मान्य करून ही तरतूदच काढून टाकावी, कारण वास्तव झाकण्यापुरताही तिचा उपयोग उरलेला नाही, असा निकालाचा आशय होता. लोकसभेसाठी त्या वेळी मोठ्या राज्यांत मर्यादा दीड लाख रुपये होती. पुढील वर्षी ती साडेचार लाख झाली. पळवाट मात्र आणखी ९ वर्षे तशीच राहिली.

२००३ मध्ये कलम ७७ च्या स्पष्टीकरणात बदल करून पक्षनेत्यांच्या प्रवासखर्चापुरतीच सूट ठेवण्यात आली आणि २० हजार रुपयांवरील देणग्यांची माहिती निवडणूक आयोगाला देणे पक्षांना बंधनकारक झाले. पक्षाच्या एकूण खर्चावर मात्र मर्यादा आली नाही. ब्रिटनने २००० साली ती घातली होती. अमेरिकेत १९७६ च्या निकालाने खर्चावरील बंधन अभिव्यक्तिस्वातंत्र्याविरुद्ध ठरवले आणि २०१० मध्ये कंपन्यांनाही स्वतंत्र प्रचारखर्चाची मोकळीक मिळाली. भारतात उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आणि पक्षाच्या खर्चाला मोकळीक असा दोहोंच्या मधला मार्ग चालू राहिला आणि २०१७ मध्ये तो गुप्ततेकडे वळला. २०१३ च्या कंपनी कायद्यातील नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा त्या वर्षीच्या वित्त अधिनियमाने काढून टाकली आणि निवडणूक रोखे आणले. स्टेट बँकेकडून विकत घेऊन पक्षाला द्यावयाच्या या वचनपत्रावर देणगीदाराचे नाव नसे. २०१८ ते जानेवारी २०२४ या काळात १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील ५ न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही योजना आणि कंपन्यांना दिलेली अमर्याद मोकळीक, दोन्ही घटनाबाह्य ठरवल्या. देणारा कोण हे जाणण्याचा मतदाराला अधिकार आहे, हा त्या निकालाचा गाभा होता.

हिवरे बाजार : दुसऱ्या टोकाचा प्रयोग

हिवरे बाजार हे पर्जन्यछायेतील सुमारे ९७६ हेक्टर क्षेत्राचे गाव. १९७२ च्या दुष्काळानंतर डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, तरुण कामासाठी बाहेर गेले आणि गावात दारूच्या भट्ट्या वाढल्या. १९८९ मध्ये वाणिज्य शाखेतील पदव्युत्तर शिक्षण घेतलेले पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. १९९४ मध्ये राज्याच्या आदर्श गाव योजनेत गाव सामील झाले. या योजनेमागे शेजारच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी आणि अण्णा हजारे यांच्या कामाची प्रेरणा होती. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान हे नियम गावाने स्वीकारले; पुढे शेतीसाठी बोअरवेल न घेण्याचा, ऊस व केळी यांसारखी जास्त पाणी लागणारी पिके न घेण्याचा आणि जमीन बाहेरच्यांना न विकण्याचा निर्णय झाला. १९९५ मध्ये गावातील १८२ पैकी १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. पुढील दीड दशकात ही संख्या ३ वर आली.

या परिवर्तनाचे वर्णन बहुधा पाणलोटाच्या अंगाने होते. लोकशाहीच्या दृष्टीने त्यातील मर्म पाण्याच्या ताळेबंदात आहे. पावसाळ्यानंतर पडलेला पाऊस आणि विहिरींतील पातळी मोजली जाते, पिण्यासाठी व जनावरांसाठी पाणी आधी बाजूला काढले जाते आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यायची हे ग्रामसभेत ठरते. गावातील सर्वांत मौल्यवान संपत्ती अशा रीतीने सर्वांसमोर मोजली गेली की, ती वाटण्याचा अधिकार कोणा एकाच्या हाती राहत नाही. जिल्ह्याच्या राजकारणात ऊस, पाणी आणि कारखाना या तिहींवर ज्याची सत्ता त्याच्याकडे मतदार वळत असे; हिवरे बाजारने उसाला नकार दिला तो पाण्यासाठी, परंतु त्यामुळे आश्रयदात्यावर अवलंबून राहण्याचे एक मोठे कारणही कमी झाले असावे, असे मानण्यास जागा आहे.

बिनविरोध आणि लिलाव

या प्रयोगाची एक बाजू मात्र चिकित्सा मागते. गावात ३० वर्षे ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोध होत राहिली. एकमताने कारभारी निवडण्याची ही रीत आदर्श मानली गेली. परंतु बिनविरोध निवडीला जेव्हा पैशाचे मोल लागते, तेव्हा तिचे स्वरूप पूर्णपणे पालटते. जानेवारी २०२१ मध्ये राज्यातील १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत असताना नाशिक जिल्ह्यातील देवळा तालुक्यातील उमराणे येथे सरपंचपदासाठी २ कोटी ५ लाख रुपयांची, तर नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे ४२ लाखांची बोली लागल्याचे उघडकीस आले. राज्य निवडणूक आयुक्त यू. पी. एस. मदान यांनी दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. रक्कम मंदिरासारख्या गावकार्याला जाणार असली, तरी ज्याच्याकडे पैसा नाही त्याचा उमेदवारीचा आणि इतरांचा मतदानाचा हक्क अशा लिलावात बुडतो. त्याच हंगामात पारनेरचे तत्कालीन आमदार निलेश लंके यांनी बिनविरोध निवडणूक करणाऱ्या गावांसाठी २५ लाखांचा विकासनिधी जाहीर केला होता. हा निधी सार्वजनिक कामांसाठी होता आणि लिलावाशी त्याची बरोबरी करता येत नाही. तथापि स्पर्धा टाळल्याबद्दल बक्षीस ही कल्पना मतदाराच्या निवडीला दुय्यम ठरवते, हे नमूद केले पाहिजे.

त्याच निवडणुकीत हिवरे बाजारमध्ये ३० वर्षांनंतर प्रथमच मतदान झाले. राळेगणसिद्धीतही लढत झाली. अनेकांनी याकडे आदर्श गावाला लागलेला डाग म्हणून पाहिले. वस्तुतः ती त्या आदर्शाची खरी कसोटी होती. विरोधी उमेदवारांना उभे राहता आले, गावकऱ्यांनी गुप्त मतदान केले आणि पोपटराव पवार यांच्या पॅनेलने ७ पैकी ७ जागा जिंकल्या. तीन दशकांच्या कारभाराला मिळालेली ही संमती बिनविरोध निवडीपेक्षा अधिक भक्कम आहे, कारण ती नाकारण्याची संधी मतदाराला प्रत्यक्ष मिळाली होती.

इतिहासाचा निष्कर्ष

छागलांचा इशारा, १९७४ चे स्पष्टीकरण, नगरच्या खटल्यातील ताशेरे आणि २०२४ चा निकाल यांत एक सातत्य आहे. न्यायालयांनी धोका वेळोवेळी दाखवला आणि ज्यांना त्या पैशाचा लाभ होत होता त्यांनीच त्यावरचा कायदा लिहिला. आज लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांची मर्यादा आहे, पक्षाला कोणतीही नाही. म्हणजे वर्मा यांनी १९९३ मध्ये विचारलेला प्रश्न अंशतः अनुत्तरितच आहे. हिवरे बाजारचा अनुभव लोकसभा मतदारसंघाला जसाच्या तसा लागू होणार नाही, कारण दोनशे कुटुंबांच्या गावात जे डोळ्यांना दिसते ते लाखोंच्या मतदारसंघात आपोआप दिसत नाही. म्हणूनच मोठ्या प्रमाणावर ते दिसेल अशी व्यवस्था कायद्याने करावी लागते : प्रत्येक मोठ्या देणगीदाराचे नाव मतदानापूर्वी प्रसिद्ध व्हावे, पक्षाच्या खर्चालाही मर्यादा असावी आणि सहकारी संस्थांपासून महामंडळांपर्यंत ज्या संस्था राजकीय नेतृत्वाच्या हाती आहेत त्यांचे हिशेब सभासदांना व नागरिकांना निवडणुकीच्या वर्षी विशेष तपासणीसाठी खुले असावेत. या तिन्ही गोष्टी संसदेच्या आणि विधिमंडळाच्या अधिकारातील आहेत; त्या करून घेण्याची जबाबदारी मात्र मतदारांची आहे, आणि ग्रामसभेत पाण्याचा हिशेब मागणाऱ्या गावकऱ्यांनी ती पेलता येते हे दाखवून दिले आहे.